कार्ड बदलण्याची वेळ

एकवीस जूनच्या कार्यक्रमासाठी आमच्या हवामान केंद्राची गच्ची मिळावी, असा अर्ज माझ्या नणंदेने केला होता. ती योग शिकवते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी तिचा वर्ग उघड्यावर जमतो, नमस्कार घालतो आणि सूर्य मावळेपर्यंत गप्प बसतो. अर्ज साहेबांकडे मीच नेला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"गोळ्यावर कुणाची सावली पडता कामा नये," ते म्हणाले. "बाकी त्यांनी उलटं टांगून घेतलं तरी माझी हरकत नाही."

गोळा म्हणजे गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यातला भरीव काचेचा गोळा, मोठ्या संत्र्याएवढा. ऊन त्यातून एका बिंदूत गोळा होतं आणि मागे लावलेल्या जाड कागदी कार्डावर करपलेली रेघ उमटवतं. ढग आला की रेघ तुटते. रेघेची लांबी मोजली की त्या दिवशी किती तास ऊन होतं ते कळतं. रोज एक कार्ड. ते बदलण्याचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. सूर्य मावळला की मी गच्चीवर जाते. लग्नकार्यं, वाढदिवस, शाळेची गॅदरिंगं, सगळीकडून मी संध्याकाळी उठून आलेली आहे. नवरा म्हणायचा, "मला सवत आहे म्हणून सांगितलं असतं तर विचार केला असता. ही तर काचेची निघाली." तेव्हा सवत त्याची नाही, माझी असते, एवढी दुरुस्ती मी दरवेळी करत असे.

तो मार्चमध्ये गेला. फुप्फुसाचा आजार होता, शेवटचे दोन महिने घरीच होता. त्या दिवशी दुपारी नर्स तपासून गेली आणि दारात मला म्हणाली, "आज किंवा उद्या." संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी मुलीला सांगितलं, "कार्ड बदलून येते." ती त्याच्या उशाशी बसली होती. सात वीसला परत आले तेव्हा तिने पंखा बंद केला होता आणि चादर नीट केली होती. ती सोळा वर्षांची आहे. बापाने तिचं नाव ठकी ठेवलं होतं आणि घरात तेच चालतं.

त्यानंतर ठकी माझ्याशी कामापुरतं बोलत असे. दूध संपलंय. गॅसवाला आला होता. 'आई' हा शब्द त्या वाक्यांत नसे. मी ते पहिल्या आठवड्यात टिपलं, पुढे टिपणं सोडून दिलं. मलाही काही वाटत नव्हतं. कामावर तिसऱ्या दिवशी गेले. जेवण वेळेवर जात होतं, झोप लागत होती. भूल दिलेल्या दाताला जीभ लावून पाहावी तसं मी अधूनमधून त्याचं नाव मनात घेऊन पाहत असे. दात जागेवर आहे एवढंच कळे.

जूनच्या सुरुवातीला नणंदेचा फोन आला.

"वहिनी, स्पष्ट बोलते. ठकी म्हणतेय जुलैपासून माझ्याकडे राहायला येईन. कॉलेजही इथलंच घेईन. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही."

"बरं."

"बरं काय? तुला ती हवी आहे ना घरात?"

"हवी आहे," मी म्हणाले. ते खरं होतं. काही वाटत नसतानाही ते खरं होतं, हे मला विचित्र वाटलं नाही. तापमापक बिघडला म्हणून खोलीचं तापमान नाहीसं होत नाही.

"मग एक कर. एकवीसला ती माझ्या वर्गात असणार आहे. तिच्या शेजारी बस. सूर्यास्ताला उठू नकोस. एक दिवस तिला तू बसलेली दिसू दे. मग ती काय ठरवायचं ते ठरवेल."

मी हो म्हणाले.

पाऊस यंदा लांबला होता. एकवीसला संध्याकाळी साडेपाच वाजता चौदा माणसं आणि चौदा चटया गच्चीवर आल्या. मी सगळ्यांना पूर्वेकडच्या भागात बसवलं, म्हणजे सावल्या गोळ्यापासून दूर पडतील. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सूर्य उत्तरेकडे सरकायचा थांबतो तो नेमका क्षण कधी?"

"सकाळी होऊन गेला," मी म्हणाले. "आणि सूर्यास्त सगळ्यांत उशिरा आज होत नाही. त्याला अजून काही दिवस आहेत."

"झालं!" नणंद म्हणाली. "हिच्या लग्नातही हिने भटजींना घड्याळ दाखवलं होतं. सगळे उभे राहा. मोठा दिवस आहे, उशीर झाला तरी चालेल."

सत्तावीस नमस्कार झाले. मी नऊपर्यंत टिकले. एका निवृत्त ड्रायव्हरकाकांचा गुडघा दर वेळी मोडल्यासारखा वाजे आणि दर वेळी ते म्हणत, "मी नाही, तो." ठकी हसली. तिचं हसू मी तीन महिन्यांनी ऐकलं. ती सगळे सत्तावीस करून घामेजली होती. पाठीचा कणा बापासारखा, डावीकडे किंचित झुकलेला.

मग नणंदेने प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची एक वाटी ठेवली. "यात काही सोडायचं नाही, काही मागायचं नाही. पाण्यावरचा उजेड कमी होतो तेवढा बघायचा. डोळे मिटले तरी चालतील. झोप लागली तर घोरू नका."

मी ठकीच्या शेजारी बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण चटई जरा सरकवून मला जागा केली. वाटीतलं पाणी आधी पांढरं होतं, मग पिवळं. माझा उजवा पाय बधिर झाला. शेवटच्या पाच मिनिटांत गोळ्यामागचा धूर थांबला असेल, सूर्य इतका खाली आला की कार्ड करपत नाही, हे मला मान न वळवताही माहीत होतं. सूर्य गेला. मी बसून राहिले.

ठकी माझ्याकडे बघू लागली. आधी डोळ्यांच्या कोपऱ्यातून, मग सरळ.

"कार्ड," ती हळूच म्हणाली.

"राहू दे."

"आजची नोंद जाईल ना?"

मी उत्तर दिलं. कुणी मोजमापाबद्दल काही विचारलं की मी नीट उत्तर देते. ती माझी सवय आहे आणि त्या वेळी तिच्यापलीकडे मी काही पाहिलं नाही.

"नाही जात. ऊनच नाही तर कार्डावर काही उमटणार नाही. उद्या उजाडायच्या आत कधीही बदललं तरी चालतं."

"कधीही?"

"कधीही. नियमच तसा आहे."

ती पुढ्यातल्या वाटीकडे बघत राहिली. मला कळायला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"म्हणजे रात्री अकरालाही चाललं असतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पहाटे चारलाही."

"हो."

"मला वाटायचं तुला जावंच लागलं. त्याचाच राग होता. की असली कसली नोकरी." तिने वाटी दूर सरकवली. "जावं लागलंच नव्हतं."

नणंदेने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. मी तेव्हा दुसरं काही सांगू शकले असते. रोजची सवय, डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन्ही थोडं थोडं खरं होतं.

"मला तो श्वास ऐकवत नव्हता," मी म्हणाले. "दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. मी ते मोजत होते. बाहेर पडायला कारण हवं होतं आणि घरात सगळ्यांना पटणारं तेवढं एकच होतं."

"मलापण नव्हता ऐकवत."

"हो."

"मलापण बाहेर जायचं होतं. पण तू गेलीस."

आता तरी काहीतरी आत हलेल म्हणून मी थांबून पाहिलं. पायाला मुंग्या आल्या, तेवढंच.

नणंदेने हलकी टाळी वाजवली. लोक उठले, वाट्या कठड्याच्या कडेने रिकाम्या करून चटया गुंडाळू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या फार शांत वाटलं. ड्रायव्हरकाका गुडघा धरून जिना उतरले. नणंद आमच्यापाशी आली. तिच्या खांद्यावर ठकीची पिशवी होती. आज रात्री ठकी तिच्याकडेच जाणार, असं ठरलं होतं.

"निघू या?" तिने विचारलं. मग आम्हा दोघींचे चेहरे पाहिले. "काय झालं?"

"काही नाही," ठकी म्हणाली. "आत्या, मी जुलैत येणार आहे तुझ्याकडे. ते नक्की."

"बरं," नणंद म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. मुलीने विचार करून ठरवलं होतं आणि त्यात मला चूक काढता येत नव्हती.

"पण आज तू हो पुढे. पिशवी राहू दे इथे," ठकी आत्याला म्हणाली.

नणंद खाली गेली. गच्चीवर आम्ही दोघीच राहिलो. उजेड अजून बराच होता, या दिवसांत तो लवकर हटत नाही. ठकी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले, कारण शेजारी बसू का हे तिला विचारावं लागलं असतं.

"तू निघालीस तेव्हा मिनिटाला किती श्वास होते?" तिने विचारलं.

"आठ."

"साडेसहाला सहा होते. मी मोबाइलवर वेळ लावून मोजले. तू कधी विचारलंच नाहीस."

तीन महिन्यांत मी तिला खरंच काही विचारलं नव्हतं. तिच्याकडे सत्तर मिनिटं होती आणि ती तिने एकटीने सांभाळली होती.

"मग?" मी विचारलं. "साडेसहानंतर?"

"पावणेसातपर्यंत सांगते," ती म्हणाली. "त्याच्यापुढचं आज नाही."

"चालेल."

तिने गुडघे जवळ ओढून घेतले आणि सांगायला सुरुवात केली.