बिननाडीचे बूट

गरम पायांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी खुशाल हसावं, माझं काही म्हणणं नाही. पण मला मोखालोंगच्या दवाखान्यात नर्स म्हणून पाठवलं तेव्हा हसत बसायची माझी टाप नव्हती. अख्खा हिवाळा सरला तरी एकाही बाळंतिणीच्या घरात मला पाऊल टाकू दिलं नव्हतं. दवाखान्यात यायचे ते खोकलेवाले, गळूवाले आणि ज्वारीची दारू ढोसून एकमेकांची डोकी फोडलेले. बायका घरीच बाळंत व्हायच्या आणि त्यातल्या काही घरीच मरायच्या. मला ते दुसऱ्या दिवशी कळायचं आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा.

कारण साधं होतं. आमच्याकडे बाई बाळंतपणाला बसली की झोपडीच्या दारात आडवा ओंडका ठेवतात. ओंडका दिसला की परक्याने मागे फिरायचं. ज्याचे पाय गरम तो आत गेला तर पोर दगावतं. पाय गरम कुणाचे? जो मयताला जाऊन आला, जो लांबची वाट तुडवत आला त्याचे. आता तुम्हीच सांगा, गावात नर्सपेक्षा वाईट पायगुण कुणाचा असणार? सकाळी मरणाऱ्याच्या उशाशी, दुपारी कुणाचा पू काढायला, संध्याकाळी तिसऱ्याच वस्तीवर. वर पायात हॉस्पिटलचे पांढरे बूट, त्यांना नाड्या, आत पांढरे मोजे. हे बूट म्हणजे सगळ्या मयतांची माती घरोघर वाटत फिरतात, असं म्मा-सेआबेलो चारचौघींत म्हणायची.

म्मा-सेआबेलो गावची सुईण. सेआबेलो हा तिचा थोरला, म्हणून ही म्मा-सेआबेलो, म्हणजे सेआबेलोची आई. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि मिजासही तेवढीच. एकदा तिच्या ओंडक्यापाशी मी सरळ ठिय्या मारला.

"ऊठ, पोरी. ही काय बसायची जागा आहे?"

"नाही उठत. म्मा, गरम पाय गार करायचा काही उपाय असेलच ना? का तुमच्या सुनांचे नवरे एकदा मयताला गेले की जन्मभर अंगणात निजतात?"

आतल्या बायका फिसकन हसल्या. म्हातारीलाही हसू आलं, पण तिने ते तपकिरीच्या चिमटीबरोबर नाकात कोंबलं.

"राखेचं पाणी," ती म्हणाली. "बूट काढायचे, मोजे काढायचे, पाय धुवायचे आणि अनवाणी ओलांडायचं. जमेल का हॉस्पिटलच्या राणीला?"

"न जमायला काय झालं? पण म्मा, माझे पाय गरम तर तुमचे हात गरम. मघाशी ते बकरीच्या अंगावर होते, आत्ता तपकिरीच्या डबीत आहेत. मी पाय धुते, तुम्ही हात धुवा. माझ्या साबणाने, कोपरापर्यंत."

मला वाटलं आता काठी येते. पण तिने घमेलं मागवलं. त्या दिवसापासून मोखालोंगमध्ये बाळंतिणीच्या दारात दोन घमेली ठेवायला लागले, एक राखेच्या पाण्याचं आणि एक साबणाचं. पुढच्या सुगीपर्यंत गावात एकही बाई बाळंतपणात गेली नाही. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखंच आहे.

पण चुगल्या करणाऱ्यांना कुठे दुष्काळ असतो! गावात पाहुणी आलेल्या एका पाद्रीणबाईने आमच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन सांगितलं की तुमची नर्स शेळ्या राखणाऱ्या पोरींसारखी अनवाणी हिंडते. आणि एक दिवस आमच्या मेट्रन, मिस कॅथकार्ट, औषधांच्या ट्रकमधून स्वतः उतरल्या.

स्कॉटलंडची बाई, भाल्यासारखी ताठ. ती वॉर्डातून गेली की रोगीसुद्धा चादर सारखी करायचे. मला शिकवलं तिने, माझ्या छातीवर नर्सचा बिल्ला लावला तिने. ती आली याचा मला खरं तर आनंदच झाला, कारण बाळंतिणीचं रक्त थांबवायची माझ्याकडची इंजेक्शनं संपली होती आणि नवीन तिच्या बॅगेत होती. पण तिने बॅग उघडलीच नाही.

"नर्स गालेबोए, तू बाळंतपणाला अनवाणी जातेस हे खरं?"

"खरं आहे, मेट्रन. पाय धुऊन जाते." आणि मी तिला ओंडका, राख, साबण, सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते.

"माझी आजी सांगायची," ती म्हणाली, "तिच्या लहानपणी नर्स म्हणजे दारूडी. जिला कुठे काम मिळत नाही ती रोग्यांच्या खाटा साफ करायला जायची. भल्या घरची माणसं तिला दारात उभी करत नव्हती. आमच्या आधीच्या बायकांनी ही टोपी, हा ॲप्रन, हे बूट चढवले आणि ते नाव धुऊन काढलं. आणि तुझं काय? तू शिकायला आलीस तेव्हा तुझे वडील काय म्हणाले होते?"

"लोकांची घाण काढायला जातेस ना, मग परत येऊ नकोस, म्हणाले."

"आणि बिल्ला मिळाला तेव्हा?"

"चावडीवर नेऊन सगळ्यांना दाखवलं. त्यात बूट आधी दाखवले."

"मग ते बूट काढून टाकलेस की तू कोण उरतेस?"

खोटं कशाला बोलू, मला ते फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं. बाई दुष्ट असती तर सोपं होतं, पण ती खरं बोलत होती.

"यापुढे बूट घालून काम करायचं," ती म्हणाली. "जमत नसेल तर बिल्ला मला परत दे. तुझ्या जागी मी ड्रेसर पाठवीन."

ड्रेसर म्हणजे पुरुष! आमच्या आधी खेडोपाडी मलमपट्टी करणारे तेच असायचे, आणि माणसं चांगली होती, पण पुरुषाला बाळंतिणीच्या दारात कोण फिरकू देणार? म्हणजे बूट घातले तर मी बाहेर, आणि बिल्ला दिला तरी मी बाहेर. आत फक्त मरण जाणार.

मी तोंड उघडते तोच शेजारची बाई धापा टाकत आली. म्मा-सेआबेलोची धाकटी सून ओनालेन्ना अडली होती. कळा सकाळपासून होत्या आणि ती आता थकली होती.

"म्मा-सेआबेलो म्हणते, नर्सला म्हणावं पाय उचल."

"चल," मेट्रन बॅग उचलत म्हणाली. "मीही येते. बघू दे तुझे हे गरम पाय."

दारात ओंडका होता, दोन घमेली होती. त्याच सकाळी मी एका म्हाताऱ्याचे डोळे मिटून आले होते आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आतून ओनालेन्ना कण्हत होती. मेट्रन माझ्या बुटांकडे बघत होती.

मी बिल्ला काढला आणि तिच्या हातात ठेवला.

"हा घ्या. भांडण मागाहून करू."

बूट उतरवले, मोजे ओढून फेकले, पाय धुतले, हात धुतले आणि आत गेले. रडूही येत होतं आणि रागही येत होता, पण आत गेल्यावर दोन्ही विसरले. पोर आडमुठं होतं, खांदा अडला होता. म्मा-सेआबेलोने सुनेला पाठीमागून धरलं, मी वाट करून दिली, आणि मुलगी झाली. असा गळा काढला तिने की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. वार पडली. म्हातारी हसली. आणि मग रक्त सुरू झालं.

बाळंतिणीचं रक्त ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. ते थांबत नाही, वाहतच राहतं. मी पोटावरून पिशवी चोळायला लागले. हात असेपर्यंत ती घट्ट, हात उचलला की पुन्हा मऊ. ओनालेन्नाचे ओठ राखेसारखे झाले.

"मेट्रन! इंजेक्शन!"

म्मा-सेआबेलोने बॅग घ्यायला हात पुढे केला.

"बॅग नुसती आणून काय करू, म्मा? माझे हात अडकलेत. सुई भरायची कुणी?"

मेट्रनला सगळं दिसत होतं. तिने एक पाय ओंडक्यावरून उचललाच, तर म्हातारी दोन्ही हात पसरून दारात उभी.

"बूट!"

"बाई मरतेय!" मेट्रन स्वतःच्या भाषेत ओरडली. ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"बूट!" म्हातारी म्हणाली. ती रडत होती. सून तिची होती. पण आत नातही होती, आणि एकीला वाचवायला दुसरीला मारायचं हे तिच्याच्याने होणार नव्हतं. ती तसूभर हलली नाही.

"मेट्रन, वाद घालू नका, ती हलायची नाही!" मी ओरडले. "काढा ते!"

माझ्या मेट्रनला हुकूम सोडला मी! आणि मेट्रनने तो ऐकला. ती मातीत गुडघ्यावर बसली आणि नाडीला हात घातला. पण नाडीला दुहेरी गाठ होती. तिनेच आम्हाला शिकवलं होतं, दुहेरी गाठ मारा म्हणजे वॉर्डात सुटत नाही. ती कशाला सुटतेय? जी बाई म्हाताऱ्या माणसाची बारीक शीर पहिल्या खेपेला पकडायची, तिची बोटं त्या गाठीवर नुसती घसरत होती. गाठ अजून आवळत गेली. माझ्या गुडघ्यांखाली अंथरलेलं गाईचं कातडं रक्ताने ओलं झालं होतं आणि मी तिच्या त्या नाडीकडे बघत होते. आयुष्यात मी कुठल्या वस्तूचा इतका द्वेष केला नाही.

मग तिने कमरेची कात्री काढली आणि नाड्या कापल्या. बूट झटकले, मोजे ओढले, पाय राखेच्या पाण्यात. आणि कुणी न सांगता हात साबणाच्या पाण्यात, कोपरापर्यंत. म्हातारी बाजूला झाली.

सुई गेली. माझ्या तळव्याखाली पिशवी हळूहळू घट्ट झाली, कच्च्या कलिंगडासारखी, आणि घट्टच राहिली. रक्त थांबलं. ओनालेन्नाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हा कुठे मला माझे हात दुखतायत हे कळलं.

पोर पदराखाली गेलं, सगळ्या जरा टेकल्या, आणि म्मा-सेआबेलोची नजर मेट्रनच्या पायांवर गेली.

"अगं बाई, हे पाय की ताकात मुरवलेली मुळं? ह्यांना कधी ऊन तरी लागलंय का? हे कुठून गरम असणार! हिला पोरं किती?"

"एकही नाही, म्मा."

"आणि तुला?"

"मलाही नाही."

"देवा रे! दोन बिनपोरांच्या बायांनी मिळून माझी नात आणली. आता हे मी पाणवठ्यावर कुठल्या तोंडाने सांगू?"

"काय म्हणतायत त्या?" मेट्रनने विचारलं.

"तुमचे पाय गार आहेत म्हणतात."

मेट्रनने मान हलवली आणि पुढ्यात आलेली ज्वारीची आंबट पेज, तोंड वाकडं न करता, शेवटपर्यंत प्यायली. अनवाणीच बसली होती, आमच्यासारखी पाय लांब करून.

ऊन कलल्यावर ती निघाली. नाड्या नव्हत्या, त्यामुळे बूट प्रत्येक पावलाला फटक फटक वाजत होते. गावातली माणसं हसू दाबून बघत होती. ट्रकपाशी पोचली, थांबली आणि तशीच फटक फटक परत आली. खिशातून बिल्ला काढला.

"सरळ उभी राहा," म्हणाली.

मी उभी राहिले. तिने बिल्ला लावला, ॲप्रनची सुरकुती झटकली आणि गेली. शाबासकी नाही, माझं चुकलं म्हणणं नाही, काही नाही. मला तिचं काही चुकलं असं आजही वाटत नाही.

महिन्याभराने हॉस्पिटलात नवा नियम लागला. खेड्यावर काम करणाऱ्या नर्सांचे बूट पांढरे असावेत, स्वच्छ असावेत आणि त्यांना नाड्या नसाव्यात. कारण कुठेही दिलं नव्हतं. पोरींनी हजार तर्क काढले. कुणी म्हणालं नाड्या महाग झाल्या, कुणी म्हणालं बाईचं वय झालं, वाकवत नाही. मी गप्प बसले. पण त्या वर्षीपासून खेड्यावर जाणाऱ्या प्रत्येक औषधपेटीबरोबर दोन घमेली असायची.

मेट्रन कधीच आपल्या देशी परतल्या. गोऱ्यांचं राज्य गेलं, देश आमचा झाला, मेट्रनच्या खुर्चीत आमच्या पोरी बसल्या, काही वर्षं मीही बसले. अजूनही नव्या नर्सना बिल्ले लावायला मला बोलावतात. सगळे त्यांच्या टोप्या बघतात, फोटो काढतात. मी प्रत्येकीला एकच सांगते, "बूट काढून दाखव बघू." जिला त्यासाठी खाली वाकावं लागतं तिला मी बिल्ला न लावता बूट बदलायला परत पाठवते.