आत्याने दिलेली परीक्षा

बाबा गेले त्याला पाच महिने झाले. भेटायला येणाऱ्यांना आत्या त्यांचे पुष्कळ किस्से सांगते, हा एक सोडून. म्हणून मी सांगते.

बाबांचा विसराळूपणा गॅस तसाच चालू ठेवण्यापर्यंत आला होता. इथली, या परदेशातली भाषा त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून कमावलेली. ती आधी गेली. उरली मराठी. माझी रजा संपत आली होती. आठवड्यातल्या पाच सकाळी सरकारी मदतनीस मिळाली तरच माझी नोकरी टिकणार होती, आणि ते बाबांच्या स्मरणशक्तीच्या एका तपासणीवर ठरणार होतं.

तपासणीच्या बाई आल्या. सोबत ऑफिसने दिलेला दुभाषा. तो बाबांशी दहा मिनिटं जीव तोडून बोलला. भलत्याच भाषेत.

"आपण सगळे सारखेच दिसतो ना यांना," आत्या पुटपुटली.

बाबा म्हणाले, "पाणी द्या गं त्याला. दमला बिचारा."

अर्ज माझा, त्यामुळे मला मध्ये बोलायची बंदी. मग आत्याच बाह्या सरसावून पुढे झाली.

"यांना विचारा, आज वार कोणता?"

"दादा, आज वार कोणता?"

"का? कुठे जायचंय?"

आत्याने बाईंना वार, तारीख आणि साल सांगितलं.

पुढे लक्षात ठेवायला तीन शब्द दिले: खुर्ची, सफरचंद, किल्ली. पाच मिनिटांनी विचारल्यावर बाबा म्हणाले, "या बाईंना आधी खायला घाला. चेहरा बघा किती उतरलाय." आत्याने तिन्ही शब्द सांगितले, वर उलट क्रमानेही.

"आत्या, काय चालवलंयस?" मी कुजबुजले.

"तू गप्प बस. परक्या बाईसमोर माझ्या भावाला बिनडोक ठरवू? आपल्या घरात कुणी नापास झालेलं नाही."

"तू झाली होतीस. दोनदा."

"ते गणितात!"

मग घड्याळ काढायला सांगितलं. बाबा हाडाचे शिंपी. त्यांनी झकास पँट काढली, इस्त्रीच्या घडीसकट. बाईंनी कागद फिरवून फिरवून पाहिला.

"साडेसहा," आत्या म्हणाली. "दोन्ही काटे खाली."

माझी नोकरी गेल्यातच जमा होती. शेवटी बाईंनी आत्याकडे बोट दाखवलं. "विचारा, या कोण?"

आत्या खुलली. हे तर अगदीच सोपं. "दादा, सांग, मी कोण?"

बाबांनी तिला नीट निरखलं. "ही ना? आपल्याकडे काजं-बटणं करते. हात बरा आहे, पण बडबड फार."

बाई पेन धरून थांबल्या. 'बहीण' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी आत्याकडे पाहिलं नाही.

"ते म्हणतात," आत्या इथल्या भाषेत सावकाश म्हणाली, "मी त्यांच्या दुकानात काजं-बटणं करते." जरा थांबून म्हणाली, "मी त्यांच्या पाठची बहीण आहे." आणखी थांबून, "आणि ते घड्याळ नाही. पँट आहे."

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरा फॉर्म काढला.

परीक्षा पहिल्यापासून झाली. तीसपैकी चार. मदतनीस मंजूर, पाचही सकाळी.

बाई गेल्यावर आत्या खिडकीकडे तोंड करून बसली. बाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "रागावलीय वाटतं. पण तिला सोडू नका हं. अशी बाई पुन्हा मिळायची नाही."

आत्या तिकडूनच, न वळता म्हणाली, "उद्या येते म्हणावं. दहाला."