तारीख कापलेली बातमी

इंग्रजी शिकवायला प्रवेश परीक्षेच्या बातमीसारखी दुसरी बातमी नाही, हे माझं मत आहे आणि ते मी अकरा वर्षं कुणाचंही न ऐकता पाळलं. राजकारणाची बातमी दिली की माणसं भांडतात, क्रिकेटची दिली की मराठीत उतरतात, अपघाताची दिली की हळहळतात आणि तास संपतो. परीक्षेच्या बातमीत तसलं काही नसतं. अर्ज सुरू झाले, मुदत वाढली, अर्ज बंद झाले, हॉल तिकीट निघालं, परीक्षा पुढे ढकलली. सगळे मिळून शंभर-सव्वाशे शब्द. तेवढे पक्के झाले की माणूस बँकेचं पत्रसुद्धा वाचू शकतो.

मी नारायण. वीज कंपनीच्या कचेरीत एकतीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला आणि निवृत्त झाल्यावर कारेलीबागेतल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. आजोबा इथल्या, गुजरातेतल्या मराठी संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे कागद जपणं आमच्या रक्तात आहे असं मी लोकांना सांगतो. माझी बायको अहल्या म्हणते, रक्तात नाही, माळ्यावर आहे.

वर्गाची रीत साधी होती. लिल्या, म्हणजे इकडच्या ओलसर चिवड्याच्या एका मोठ्या रिकाम्या डब्यात पेपरमधली कात्रणं असायची, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. पाच ते सहा या वेळात मराठी-गुजराती बंद. ज्याची पाळी त्यानं डब्यात हात घालायचा, येईल ते कात्रण मोठ्यानं वाचायचं, आणि मी तीन प्रश्न विचारायचे. तिसरा प्रश्न कायम एकच असे: अर्जदारानं आता काय करावं?

कात्रणांवरची तारीख मी कापत असे. त्याचं कारण असं, की पहिल्याच वर्षी एकानं कात्रण पाहिलं, ‘सर, ही तर परसालची बातमी’ म्हणाला आणि पुठ्ठा खाली ठेवून दिला. मग बाकीच्यांचाही रस गेला. शिळं म्हटलं की माणसाचं तोंड उतरतं. तेव्हापासून कात्री चालवताना पेपरचं नाव, वरची ओळ, वर्ष, सगळं छाटून टाकायला लागलो. आत दिवस आणि महिना राहायचा, वर्ष कुठेच नाही. मग सगळे कसे ताजी बातमी असल्यासारखे मन लावून वाचायचे.

अहल्या एकदा म्हणाली, “शिळ्या कढीला ऊत आणताय ते आणा, पण कढी कधीची ते मागे पेन्सिलीनं लिहून तरी ठेवा.”

मी म्हणालो, भाषा शिळी होत नाही. अहल्या आत निघून गेली.

स्नेहल आली ती गेल्या दिवाळीनंतर. पाणीगेटला राहणारी, वय चौतीस. तिचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, नवरा गोरव्याला एका कारखान्यात लेथवर. ती स्वतः एका खासगी नर्सिंग होममध्ये आया. बारा वर्षं तिनं बेडपॅन उचलले, पेशंटना कुशीवर वळवलं, नव्या पोरींना सलाईनची बाटली कशी टांगायची ते शिकवलं, आणि त्याच पोरी वर्ष-दोन वर्षांत नर्स होऊन तिला नावानं हाका मारायला लागल्या. तिला नर्सिंगला जायचं होतं. बारावी झालेली होती. प्रवेश परीक्षेला वयाची अट पस्तिशीची, आणि येत्या ऑगस्टमध्ये तिला पस्तीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे हे शेवटचं वर्ष.

“गेल्या साली पण भरला होता ने फॉर्म,” पहिल्या दिवशी ती म्हणाली. “सायबरवाल्यानं जन्मतारीख उलटीपालटी टाकली. सगळं इंग्लिशमध्ये, मला काय कळणार? मी सही केली. फॉर्म बाद. आता कोणाच्या हाती देणार नाही, सर. माझी मी वाचणार, माझी मी भरणार.”

मला हे फार आवडलं. इतरांना इंग्रजी कशाला हवं होतं ते एकेक पाहण्यासारखं होतं. समरजितला, जो वर्गात सगळ्यात लहान, कॅनडाला जायचं होतं आणि एका निवृत्त मामलतदारांना नातवाशी बोलायचं होतं. स्नेहलला एक फॉर्म वाचायचा होता. इतकं नेमकं काम घेऊन माझ्याकडे कोणी आलं नव्हतं.

ती ड्युटी संपवून सरळ यायची, हाताला फिनेलचा वास असायचा. दारात अहल्याला “जय श्रीकृष्ण, काकू”, मग खुर्ची, मग वही. डिसेंबरात ती एका ओळीला चार वेळा थांबायची. मार्चमध्ये अख्खं कात्रण वाचून वर मान करायला लागली. एप्रिलमध्ये मी एकदा प्रश्न विचारायला विसरलो, तर तिनं स्वतःच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. मी तिचं कौतुक बाकीच्यांसमोर करायचो, आणि खरं सांगायचं तर त्यात तिच्यापेक्षा माझंच जास्त असायचं.

तिचा फॉर्म सुरू झाला होता हे मला ठाऊक होतं. शेवटची तारीख तिनं सांगितलीही असेल, मी लक्षात ठेवली नाही. फॉर्मला लागणारा रहिवासी दाखला कचेरीत अडकला होता, तो सतरा मेला हातात आला. वीस तारीख शेवटची. तिनं वीसची रजा मागून ठेवली होती. भाची सानवीच्या लॅपटॉपवर दिवसभर बसून, एकेक रकाना वाचून फॉर्म भरायचा असा तिचा बेत होता. हे सगळं मला नंतर कळलं.

अठरा मेला तिची पाळी होती. डब्यातून जे निघालं ते नर्सिंगच्याच प्रवेश परीक्षेचं कात्रण. ती ते हातात घेऊन सरळ बसली. एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं. कुठे अडखळली नाही. तांत्रिक अडचणींमुळे नोंदणीची मुदत वीस मेऐवजी एकतीस मेपर्यंत वाढवण्यात आली आहे, अशी चार ओळींची बातमी.

मी पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. उत्तरं बरोबर. मग तिसरा.

“कॅन्डिडेट नीड नॉट हरी,” ती म्हणाली. “कॅन्डिडेट कॅन रजिस्टर अप टु थर्टीफर्स्ट मे.”

नीड नॉट हे मी तिला शिकवलेलं नव्हतं, तिनं कुठूनतरी स्वतः उचललं होतं. मी टेबलावर थाप मारली. समरजितनं टाळ्या वाजवल्या.

तिनं पुढे विचारलं, “सर, सो थर्टीफर्स्ट इज फायनल?”

आणि मी, अकरा वर्षांच्या सवयीनं, म्हणालो, “व्हॉट डझ द नोटीस से?”

“थर्टीफर्स्ट मे इज द लास्ट डेट.”

“व्हेरी गुड,” मी म्हणालो.

माझ्या दृष्टीनं ते कात्रण म्हणजे धडा होता. बाहेरच्या जगात खरीच एक परीक्षा आहे, तिला खरीच एक शेवटची तारीख आहे आणि समोरची बाई तिच्याबद्दल विचारते आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. असं डोकं घेऊन मी शिकवत होतो.

नर्सिंग होममध्ये वीस तारखेला माणसं कमी होती. स्नेहलनं आपली रजा परत केली आणि तेवीसची घेतली. मोठ्या खुशीत केली असणार. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या भरवशावर न राहता स्वतः इंग्रजी बातमी वाचून तिनं एक निर्णय घेतला होता.

तेवीस तारखेला ती पाच वाजता नेहमीसारखी आली. रजेचा दिवस म्हणून साडी नेसून आली होती. खुर्चीवर बसली आणि मराठीतच म्हणाली, “सर, साइट बिघडली वाटतं. रजिस्ट्रेशन क्लोज्ड दाखवते. सकाळपासून बघते आहे.”

ते मामलतदार म्हणाले, सर्व्हर असेल, रात्री चालू होईल. समरजितनं फोन काढला. बराच वेळ तो बोटानं खालीवर करत राहिला. मग म्हणाला, “ताई, यंदा मुदत वाढलीच नाही. वीसला संपली. वाढली होती ती चार वर्षांपूर्वी.” आणि फोन माझ्यापुढे धरला. तीच बातमी होती, शब्दन् शब्द. वर तारीख होती आणि वर्ष होतं. दरवर्षी त्या परीक्षेची मुदत वीसच्या आसपास संपते, एवढंही मला माहीत नव्हतं.

स्नेहलनं डबा पुढे ओढला, शोधून ते कात्रण काढलं. पुढून पाहिलं, उलटून मागून पाहिलं.

“ह्याच्यावर तारीख कुठे आहे?”

“मी कापली,” मी म्हणालो.

“कशाला?”

शिळं दिसू नये म्हणून, असं त्या खोलीत तिच्याकडे पाहून कसं म्हणणार? ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. मला वाटत होतं तिनं चार शब्द सुनवावेत, म्हणजे मला सुटल्यासारखं झालं असतं. तिनं नुसतं कात्रण टेबलावर ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

त्या संध्याकाळी मी परीक्षा घेणाऱ्यांना पत्र लिहिलं. नोकरीत कधी लिहिलं नाही असं. सगळा दोष माझ्या अंगावर घेतला आणि आदरपूर्वक विनंती केली. दुसऱ्या दिवशी स्नेहलला घेऊन रिक्षानं त्या परीक्षेच्या मदत केंद्रावर गेलो. काउंटरमागे एक तरुण बाई होत्या. मी पत्र काढलं, तोच स्नेहल म्हणाली, “सर, मी बोलते.”

आणि ती इंग्रजीत बोलली. उभी राहून, हात काउंटरवर ठेवून, पाच-सहा मिनिटं. दाखला उशिरा मिळाला, बातमी जुनी होती, मला वर्ष कळलं नाही, माझं वय ऑगस्टमध्ये संपतं, कृपया एक संधी द्यावी. ‘ड्यू टु’ बरोबर, ‘एक्स्टेंडेड’ बरोबर, ‘एलिजिबल’ बरोबर. सगळे शब्द माझ्या डब्यातले. मी मागे उभा राहून ऐकत होतो. लाज म्हणजे काय ते मला सत्तरीला टेकताना समजलं.

त्या बाईंनी सगळं मान देऊन ऐकलं. मग त्या गुजरातीत म्हणाल्या, “बेन, तमारी वात साची छे. पण पोर्टल बंध थई गयुं. मारा हाथमां कंई नथी.”

“वांधो नहीं,” काही हरकत नाही, एवढं स्नेहल म्हणाली आणि बाहेर आली. माझं पत्र माझ्या खिशातच राहिलं.

रविवारी मी आणि अहल्या डबा घेऊन बसलो. मला मागे वर्षं लिहायची होती. दोनशेच्या वर पुठ्ठे निघाले. समरजितनं फोनवर शोधून वीस-पंचवीसांची वर्षं लावून दिली, बाकीच्यांची कुणालाच लागेनात. मी काही आठवणीनं सांगायला लागलो, तर अहल्यानं पेन्सिल काढून घेतली. “माहीत नाही ते लिहू नका,” एवढंच ती म्हणाली. मागचं काही उकरलं नाही, हा तिचा मोठेपणा.

सोमवारी पाच वाजता स्नेहल आली. मला वाटलं नव्हतं. मी दिलेली डिक्शनरी तिनं कव्हर घालून परत आणली होती. मी म्हणालो, ठेव तुझ्याकडेच, वर्ग सोडू नकोस, आता तर तू चांगलं वाचतेस. दुसरे कोर्स असतात, त्यांना वयाची अट नसते, मी शोधून देतो. मी बरंच काही म्हणालो. ती ऐकून घेत होती, पेशंटचं बोलणं ऐकून घ्यावं तसं.

मग तिनं डब्यातून ते कात्रण शोधून काढलं, पर्समधून पेन काढलं आणि मागच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात चार वर्षांपूर्वीचं साल लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पुठ्ठा डब्यात परत ठेवला.

“कोणाच्या हाती आलं तर,” ती म्हणाली.

“स्नेहल, उद्या ये,” मी म्हणालो. “वाचत राहा.”

“वाचता येतं आता, सर. तुम्ही छान शिकवलं,” ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. “पण मला तो एकच फॉर्म वाचायचा होता ने.”

अहल्यानं तिला चहा घेऊन जा म्हटलं. आजपासून ड्युटी साडेपाचची आहे काकू, म्हणून ती निघाली. जिन्यातून तिच्या चपला वाजत खाली गेल्या. समरजितची पाळी होती. त्यानं डब्यात हात घातला, एक पुठ्ठा काढला, आधी उलटून मागची बाजू पाहिली, आणि परत ठेवून दुसरा शोधायला लागला.