न धुतलेला रुमाल

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने तिचे सगळे कपडे धुवून टाकले. मी उठून अंगणात आले तर दोरीवर आईचे दोन स्वेटर, मोजे, ती गोठ्यात घालायची तो बाबांचा जुना शर्ट असं सगळं ओळीने वाळत होतं आणि साबणाचा वास फाटकापर्यंत येत होता. वहिनीचा स्वच्छतेचा सोस मला माहीत होता. ती चमच्यांनाही मागून पुसते. तिच्या मते ती सासूची शेवटची सेवा करत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी तोंड उघडलं नाही, कारण मी स्वतः काही धुतल्या तांदळासारखी नव्हते.

आदल्या संध्याकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, मी मागच्या दाराच्या खिळ्यावरून आईचा डोक्याचा रुमाल काढला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या बॅगेच्या तळाशी दडवला. त्याला धुराचा, घामाचा, म्हशीचा वास होता आणि त्याखाली अगदी थोडासा आईच्या मानेचा. मी शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासते. माझ्या कामात नाकाचा काही उपयोग नाही. तरी तो वास मी डोळे मिटूनही ओळखला असता.

आई एकोणिसाव्या वर्षी या घरात आली. घर आजोबांचं होतं, मग बाबांचं झालं, आता दादाचं आहे. जमिनीचंही तेच. तिच्या सामानात एक पेटी होती आणि तिच्या वडिलांनी हौसेने दिलेली एक रेडी. या घरात तिची म्हणावी अशी वस्तू ती एकच. त्या रेडीची म्हैस झाली, तिची मुलगी, तिची नात. सध्याची पाचवी. आम्ही भावंडं त्या सगळ्यांना बाईसाहेब म्हणायचो. पदवी वंशपरंपरेनं चालत आली होती, आणि घरात हुकूमही बाईसाहेबांचाच चालायचा.

पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच. या दोन वेळा आईने एक्केचाळीस वर्षं सोडल्या नाहीत. म्हणून ती माझ्या शाळेच्या कार्यक्रमाला आली नाही, माझं नवं घर बघायला आली नाही, शहरात एक रात्रही राहिली नाही. माझी मुलगी झाली तेव्हा सकाळच्या बसने आली, तीन तास खाटेशेजारी बसली, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली.

"आई, आजच्या दिवस राहा ना," मी म्हणाले.

"अगं, तुला बोलता येतं. काही लागलं तर नर्सला हाक मारशील. ती कुणाला हाक मारणार?"

आणि गेली. मी चार महिने तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही किंवा आलं तरी तिने दाखवलं नाही. दोन्ही तिला शोभणारंच होतं.

धार काढायला ती दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. दादा लहानपणी मागे लागायचा, तर म्हणायची, "तुझा हात थंड आहे." पुढे वहिनी आली. तिच्या माहेरी चार म्हशी. दूध काढायला ती चालायला शिकली तेव्हाच शिकली असावी. तिच्याही वाट्याला बारा वर्षं बादल्या घासण्यापलीकडे काही आलं नाही. आम्ही हसण्यावारी न्यायचो. म्हातारीचं खूळ म्हणायचो. यंदा बाईसाहेबांचं रेडकू महिन्याचं होऊन मेलं आणि तेव्हापासून त्या आईशिवाय कुणाला थेंबही देईनात. आई जाऊन बसायची, म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून काहीतरी पुटपुटायची, आणि दोन मिनिटांत पान्हा.

मंगळवारी पहाटे तिने धार काढली, बादली झाकून ठेवली, गोठ्याच्या पायरीवर बसली आणि तिथेच गेली. दूध नासलंसुद्धा नाही. वहिनीने ते तापवून भेटायला येणाऱ्यांना दिलं.

संध्याकाळी पाचला म्हैस रेकायला लागली तेव्हा सगळ्यांना तिची आठवण झाली. दादा गेला आणि रिकाम्या बादलीने परत आला. बुधवारी पहाटे पुन्हा गेला, तर लाथ खाऊन बादलीसकट दारात. मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग. दुपारी त्याने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी कास चाचपली. हात लागताच म्हैस थरथरली.

"दगड झालाय," ते म्हणाले. "सुई टोचून आता थोडं उतरवतो, पण रोज टोचत बसणार का? हे असंच तुंबत राहिलं तर कास जाईल. आणि कास गेलेली म्हैस कोण पोसतं?"

दादाने मान खाली घातली. कास गेली की मग खाटीक, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"हिला तिचं माणूस हवंय," डॉक्टर म्हणाले. "आईंचे गोठ्यातले कपडे घालून बघा. वासावर फसतात कधीकधी."

मग आमच्या चाळिशीच्या, पोट सुटलेल्या दादाने दोरीवरचा अर्धओला शर्ट अंगात घातला. बटणं लागेनात. तो बायकी चालीने, मान वाकडी करून गोठ्यात शिरला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला हसू आवरेना. बाईसाहेबांनी एकदा हुंगलं, फुस्स केलं आणि बादली उडवली. डॉक्टरांनी शर्टाची बाही नाकाशी धरली.

"हा धुतलाय?"

"दोनदा," वहिनी अभिमानाने म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला.

"न धुतलेलं काही आहे का?"

दादाने मागच्या दाराकडे पाहिलं. "रुमाल असतो ना खिळ्यावर?"

खिळा रिकामा होता. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही; तसं कारणही नव्हतं. तरी मीच बोलले, "मी नाही पाहिला."

वहिनीने घर पालथं घातलं. बादल्या, खाटेखाली, कपड्यांच्या गाठोड्यात, अगदी चुलीच्या राखेतही बघितलं. "मीच कुठेतरी घातला असणार," म्हणत ती रडायला लागली. "बारा वर्षांत एक काम धड नाही म्हणायच्या मला. बरोबरच म्हणायच्या." दादा तिची समजूत घालत होता. मी खोलीत जाऊन बॅगेजवळ बसले. बॅग उघडली नाही. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी रुमाल सोडवत नव्हता. आयुष्यभर आई म्हशीच्या वाटणीला गेली होती. आता चिमूटभर उरली होती, तीही तिलाच द्यायची?

पाच वाजत आले तशी मी गोठ्यात गेले. का गेले ते सांगता येणार नाही. कदाचित म्हशीवर चिडायला. ती मागचे पाय फाकवून उभी होती. चाऱ्याला तोंड लावलेलं नव्हतं. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिने दावं ताणून मान वळवली, कान पुढे केले. मी आहे असं दिसलं आणि तिने मान परत भिंतीकडे केली. थोड्या वेळाने अंगणात दादाच्या चपला वाजल्या. पुन्हा मान वळली, पुन्हा भिंतीकडे. ती वाट बघत होती. आम्हाला सगळ्यांना फोन गेले होते, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी खोलीत जाऊन पिशवीची गाठ सोडली. रुमालात तोंड खुपसलं आणि पोटभर वास घेतला.

आधी वाटलं होतं, स्वतःच बांधून बसावं. पण मी रविवारी जाणार होते. ती मला सरावली असती तर सोमवारपासून पुन्हा तेच. म्हणून मी अंगणात गेले आणि काही न बोलता रुमाल वहिनीच्या डोक्याला बांधला. आई बांधायची तसा, गाठ मागे, मानेवर.

"कुठे सापडला, ताई?"

"माझ्या बॅगेत."

तिने मानेवरची गाठ चाचपून पाहिली. मग तिने बादली उचलली. मला ती काहीच बोलली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी तिच्या जागी असते तर गावभर केलं असतं.

मी दाराबाहेर उभी राहिले. वहिनी पाटावर बसली. म्हशीने मान वळवून रुमाल हुंगला. पुन्हा हुंगला. मग जीभ काढून चाटायला लागली, डोक्यावरून, मानेवरून, सावकाश. रुमाल चिंब झाला. एरवी हात लागला तरी साबण शोधणारी वहिनी जागची हलली नाही. तिने म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं. काय बोलायचं असतं ते तिला माहीत नव्हतं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "काढू का?"

बराच वेळ काही झालं नाही. मग बादलीच्या तळावर पहिली धार वाजली. दादा माझ्यामागे येऊन उभा होता. त्याने बाहीने डोळे पुसले. मला मात्र आनंद झाला नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि वाईट वाटलं.

गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी वहिनी दोन्ही वेळा तोच रुमाल बांधून बसली. कास मऊ झाली. बाईसाहेब चारा खाऊ लागल्या. दादा लंगडत का होईना, शेतावर जाऊ लागला.

रविवारी सकाळी माझी बॅग भरून झाली होती. वहिनी भरलेली बादली घेऊन गोठ्यातून आली आणि दारातच थबकली. तिचे केस मोकळे होते.

"ताई, आज गडबडीत तशीच गेले हो. डोक्याला काहीच नव्हतं." तिने बादली खाली ठेवली. "तरी दिलं तिने."

तिने आतून रुमाल आणून माझ्या हातात दिला. नीट घडी घातलेला, पण धुतला नव्हता. त्यासाठी तिला किती कष्ट पडले असतील ते मी समजू शकते. मी तो नाकाशी नेला. लाळेचा वास आला, चाऱ्याचा आला, वहिनीच्या केसांच्या तेलाचा आला. मी उलटून पाहिला, गाठीच्या जागी पाहिला, कोपऱ्यांत पाहिला.

"आहे?" वहिनीने विचारलं.

"नाही."

बसला अजून वेळ होता. मी गोठ्याच्या दाराशी गेले. म्हैस डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. मी आले तरी तिने मान वळवली नाही. पाठीमागे अंगणात वहिनीची पावलं वाजली तेव्हा कान टवकारले. चार दिवस. चार दिवसांत तिने आईला सोडलं आणि दुसरीला धरलं. आई होती तोवर मला या म्हशीचा फार हेवा वाटायचा. पण त्या सकाळी वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.