शेवंतीचं स्थळ

भागम्माच्या घरात खलबत्ता वाजायचा तो मागच्या खोलीत, दार लावून. लोखंडाचा ठोका कानावर पडला की गोठ्यातली शेवंती जागच्या जागी पाय उचलायला लागायची. एक, दुसरा, पुन्हा पहिला. डोळे पांढरे, मान ताठ, अंगाला घाम. कुणी नाच म्हणालेलं नसायचं, तरी भिऊन नाचायची.

शेवंती वरातीतली घोडी. गेल्या साली तिचा पुढचा पाय सुजून टम्म झाला, तेव्हा मालकानं वरात उरकली, अंगावरची झूल आणि कवड्या काढून घेतल्या आणि तिला पाथरी रोडला बाभळीखाली सोडून दिलं. परभणीची एक संस्था अशी टाकलेली घोडी उचलते, दवापाणी करते, बरी होईपर्यंत कुणाच्या तरी घरी ठेवते आणि मग कायमचं घर बघून देते. संस्थेची डॉक्टरीण अर्पिता शेवंतीला टेम्पोत घालून वालूरला भागम्माकडं घेऊन आली. तिच्या तोंडातला काटेरी लगाम काढला तर काट्याला रक्त वाळलेलं. भागम्मानं तो फेकला नाही, गोठ्यात खुंटीला टांगला. "जनावरच हाय, त्याचं एवढं काय," असं कुणी म्हणालं की ती लगाम त्याच्या पुढं धरायची. "घ्या, तोंडात धरून बगा."

घोडी द्यायची म्हणजे तिच्या लेखी लेक द्यायची. दोन स्थळं तिनं परतवून लावली होती. अर्पिता टेकीला आली होती.

"अव्वा, सोनपेठच्या वीटभट्टीवर एक घोडा पडून हाय. पाठ सोलून निघालीय. शेवंती गेली तरच त्याला जागा होईल. उगं खोट काढू नका."

म्हणून अर्पितासोबत दिनकरराव दारात आले तेव्हा भागम्मानं जीभ आवरून धरली. शिवाय माणूस नात्यातला, तिच्या लेकीचा, रुद्राणीचा, चुलतसासरा. कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे, पाथरीला विहिरीचा मळा.

"शरणार्थ, विहीणबाई."

"शरणार्थ. घोडी कशाला पायजे?"

"अवो, पाणी तर पिऊ द्या!" दिनकरराव हसले. "नातवंडं मागं लागलीत. मळ्यात चरंल, सुट्टीला लेकरं बसतील. झालं."

"वरातीला?"

"शिव शिव! आपल्या घरात तसला धंदा हाय का?"

"सोबतीला काय हाय? घोडं एकटं झुरतंय."

"म्हशी हायेत की. नालबंद बी घरी येतो. आनखी काय पायजे?"

अर्पिताचा चेहरा फुलला. भागम्माला खोट सापडेना. लेकीचं घर जवळ, जाता-येता बघता येईल. ती म्हणाली, "चला, बघून घ्या."

गोठ्यात दिनकररावांनी शेवंतीची पाठ थोपटली, दात बघितले. मग रिकामी बादली पालथी घातली आणि बोटांनी बादलीच्या बुडावर वाजवलं. टक टक, टकाटक. टक टक, टकाटक.

शेवंतीचा दुखरा पाय उचलला गेला. मग दुसरा. मग पुन्हा दुखरा.

"वा! विसरली न्हाई हो!" दिनकरराव म्हणाले.

भागम्माच्या अंगाची लाहीलाही झाली. पण ओरडावं तर घोडी आणखी बुजेल. ती पुढं झाली, त्यांचा हात धरून बादलीवरून बाजूला केला आणि दातांवर दात धरून म्हणाली, "ही तालावर नाचती, हे तुमाला कुणी सांगितलं? आमी तर लंगडी म्हणून सांगितलं हुतं."

"अवो, सहज..."

"बोटाला हाच ताल सहज आला?"

दिनकरराव अर्पिताकडं बघायला लागले. अर्पितानं मान फिरवली.

"आता घरचंच लग्न हाय," ते पुटपुटले. "शंभुराजचं. तुमच्या रुद्राणीच्या दिराचं. एकच वरात. परक्याचं हाय का?"

भागम्मानं खुंटीवरला लगाम काढला आणि त्यांच्या तोंडापुढं धरला.

"धरा दातात. मी बादली वाजवते. तुमी नाचा पुतण्याच्या वरातीत."

"विहीणबाई, जीभ सांभाळा!"

"जीभ? हिची जीभ बघितली का तुमी? कपाळाला विभूती फासून खोटं बोलायलाव, लाज न्हाई वाटत? निघा."

"रुद्राणीला ऐकावं लागंल ह्याचं."

"ऐकंल की. माझ्या पोटची हाय, चार तुमाला बी ऐकवंल."

दिनकरराव पायताण घालून तरातरा गेले. अर्पिता शेवंतीचा पाय चोळत खाली बसली होती. मान खाली घालूनच म्हणाली, "माझंच चुकलं, अव्वा. नाचती म्हणून मीच बोलून गेले. पण सोनपेठचा घोडा?"

भागम्मानं लेकाला हाताच्या खुणेनं बोलावलं. "राजशेखर, ट्रॅक्टर शेडातून बाहेर काढ, घोड्याला जागा पायजे. लांब ढकलत नेऊन चालू कर, हितं आवाज नको."

"अव्वा, पाऊस आला तर?"

"ट्रॅक्टरवर छत्री धरून उभा राहा. आन टेम्पोवाल्याला फोन लाव, सोनपेठला जायचंय."

शेवंती अजून थरथरत होती. भागम्मानं त्याच बादलीत पाणी आणून पुढं ठेवलं, तर घोडी मागं सरली. अस्सा राग आला भागम्माला, बादली उचलून पार वेशीपर्यंत भिरकवावी! पण बादली पडली की वाजणार. तिनं ती दोन्ही हातांनी धरून हळूच मागच्या खोलीत नेली, खलबत्त्याशेजारी टेकवली, दार लावून घेतलं. आणि मग तिथं अंधारात उभं राहून दिनकररावांच्या सात पिढ्या तिनं काढल्या. एकही शिवी सोडली नाही. सगळ्या दबक्या आवाजात, शेवंतीला ऐकू जाऊ नये म्हणून.