साहेबांचा माईक माझ्याकडे होता

मी मिक्सर बोलतोय. चटणीचा नव्हे, गाण्याचा. गायकाचा, ढोलकीचा, पेटीचा आवाज माझ्यात यायचा; कुणाला वर करायचं, कुणाला दाबायचं ते माझ्या पट्ट्यांवर ठरायचं.

तेलगावच्या उत्तरेश्वरनं मला आणलं तेव्हा त्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं. लिंबागणेशची जत्रा असो की कुणाचं लग्न, तो मला मांडीवर घेऊन टेम्पोत बसायचा. पुढं त्याचं लग्न झालं, तर धूळ बसू नये म्हणून लग्नातला फेटा माझ्यावर टाकायचा. त्याची बायको मोहिनी म्हणायची, "इतकं मला तरी जपा की."

मग गेल्या दिवाळीला ती आली. डिजिटल मशीन. बोट लावलं की उजळते, पट्ट्या आपोआप हलतात, नुसता नखरा! तिला हळदीकुंकू लावलं, पेढा ठेवला. मला वायरींच्या पेटीवर. मी बाईमाणूस असतो तर तिला सरळ सवत म्हणालो असतो. फेटाही तिच्या अंगावर गेला, तेव्हा मात्र माझा नुसता जळफळाट झाला.

वडवणीत आप्पाराव साहेबांनी मोठा कार्यक्रम ठेवला. पुण्याहून व्हायोलिनवाल्यांचा अख्खा ताफा, अन् पुढं आरोही, जिची गाणी घरोघरी मोबाइलवर वाजतात. व्हायोलिन नाजूक, बाईंचा आवाज खणखणीत. दोन्ही एका ताटात वाढायचं, पण कोशिंबीर आमटीत बुडू द्यायची नाही, असं ते अवघड काम.

"हितं नव्या मशीननं नीट काम केलं, की जुना मिक्सर काढून टाकू," उत्तरेश्वर मोहिनीला म्हणाला. "जागा कावून अडवायची?"

माझ्यादेखत म्हणाला. मी मनात म्हटलं, बिघड गं बाई, एकदा तरी बिघड.

सगळी गाणी-वाजंत्री तिच्याकडं गेली. माझ्याकडं एकच माईक, साहेबांचा. आमच्या भागात साहेबांचा माईक कुणी बंद करत नाही. मागं एका मांडववाल्यानं केला होता. साहेब बोलायला उठले अन् आवाजच नाही. "आमचं तोंड बंद करतो का बे?" म्हणाले, अन् त्या गड्याला पुन्हा तालुक्यात काम मिळालं नाही. तेव्हापासून साहेब पहिल्या रांगेत चालू माईक छातीशी धरून बसतात अन् मनात येईल तेव्हा "वा" म्हणतात.

आरोहीनं हळवं गाणं धरलं. व्हायोलिनं अगदी हलकी झाली, मांडव गप्प झाला. अन् भोंग्यातून घुर्रर्र असा आवाज आला. साहेबांना झोप लागली होती.

उत्तरेश्वरला घाम फुटला. त्यानं नवीची सगळी बटणं दाबून पाहिली. पुन्हा घुर्रर्र. "हिच्यातच कायतरी बिघाड हाय," तो पुटपुटला.

काय सांगू, लई बरं वाटलं! ती उजळून उजळून थकली अन् बोलणी खात होती. मी गप्प राहून घोरणं पुढं धाडत होतो. आरोही थांबली. व्हायोलिनवाले एकमेकांकडं बघू लागले. उत्तरेश्वरचं नाव आता जातंय, हे मला कळत होतं. तरी वाटत होतं, जाऊ दे, तिच्या नावानं जाऊ दे.

मोहिनी मागं बसली होती. तिनं माझा लुकलुकणारा दिवा पाहिला. "अवो, तिला कावून झोडपताय? सायेब झोपलेत. माईक जुन्यावर हाय."

उत्तरेश्वरचा हात माझ्यावर आला. दिवाळीपासून पहिल्यांदा. त्यानं एकवार साहेबांकडं पाहिलं, मग पट्टी अलगद खाली ओढली. पूर्वी गाण्यातला खोकला दाबायचा, तितक्याच मायेनं. मी मुका झालो.

गाणं पुन्हा सुरू झालं. तिच्यातून व्हायोलिनं अन् आरोहीचा आवाज असे एकत्र आले, की साहेबांना जाग आली अन् ते माईकमध्ये "वा" म्हणाले. ते कुणालाच ऐकू गेलं नाही, अन् टाळ्यांत त्यांनाही ते कळलं नाही.

आता मी शेडमध्ये आहे. नवी शेजारीच, फेट्यात. उत्तरेश्वर गिऱ्हाईक शोधतोय. कुणी भजनी मंडळवाले वाचत असतील तर ऐका. माझी एकही पट्टी खरखरत नाही, टाळ-मृदंग अजून झेपतील. एखादं जुनं पोतं टाकलंत अंगावर तरी चालेल. फक्त लवकर या. ती रोज गाऊन येते, अन् तो रोज माझ्यासमोर तिला पुसतो.