चौथी रेघ

आक्कांनी मास्तरांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली.

"आज बुधवार आहे, मास्तर. घरी जा."

"एवढा एक कोट बेततो आणि निघतो."

"कोट उद्याही कोटच राहील. कोकरू नाही होणार त्याचं."

शिलाईयंत्रांवरच्या दोघीजणींनी माना खाली घालून हसू दाबले.

आक्कांच्या दुकानात मास्तर सव्वीस वर्षे कपडे बेतत होते, आणि तेही आठवड्याचे सातही दिवस. त्यात काही वावगे आहे असे आक्कांना कधी वाटले नव्हते. महिन्यापूर्वी कामगार खात्यातली एक तरुण अधिकारी येऊन शांतपणे सांगून गेली, की आठवड्याची सुट्टी ही मालकिणीची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे. नातीच्या वयाच्या मुलीकडून ऐकून घेणे आक्कांना जड गेले. पण बरोबर ते बरोबर. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःला सोडून प्रत्येकाचा सुट्टीचा वार ठरवून दिला. मास्तरांच्या वाट्याला बुधवार आला. तीन बुधवार ते मुकाट्याने घरी राहिले. आज मात्र सगळ्यांच्या आधी हजर.

"घरी काय काटे पेरलेत का कुणी?"

मास्तरांनी बोटांवरचा खडू पुसला, हजेरीवही उघडली आणि पुढे सरकवली. त्यांच्या नावासमोर दर बुधवारी एक तिरकी रेघ होती.

"तीन खाडे झाले, आक्का. आज चौथा पडला असता."

आक्का वहीकडे पाहत राहिल्या. तिरकी रेघ म्हणजे न सांगता मारलेली दांडी, आणि महिन्यात चार रेघा भरल्या की कायमचे घरी. नियम त्यांचाच होता. सुट्टीच्या रेघाही त्यांनीच ओढल्या होत्या, पट्टी धरून.

"गेल्या महिन्यात ती बाही उलटी बेतली गेली माझ्याकडून," मास्तर म्हणाले. "म्हातारा झालो, असं तोंडावर सांगा. पण रेघा ओढून नको."

आक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला. बराच वेळ पुसला. मग लेखणी घेऊन प्रत्येक रेघेवर त्यांनी दोन शब्द लिहिले. चौकट पुरेना, अक्षरे गुरुवारात सांडली.

"वाचा."

"हक्काची सुट्टी."

"मोठ्यानं. त्या दोघींनाही ऐकू द्या."

मास्तरांनी वाचले. मग चपला घालून ते निघाले. दारापर्यंत दोनदा मागे वळून.

गुरुवारी आल्या आल्या ते आक्कांसमोर उभे राहिले.

"काल दुपारी झोपलो होतो, आक्का." गुन्हा कबूल करावा तसा स्वर होता. "चांगला दोन तास."

आक्कांनी मान हलवली. मास्तर कोटाच्या कापडाकडे वळले. यंत्रे सुरू झाली तशा आक्का उठल्या, टेबलाजवळ गेल्या आणि दोघींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाल्या,

"कशी असते हो?"

"काय, आक्का?"

"दुपारची झोप."